एकच झाड, हजार अंगणं

गुलाबाच्या सार्वजनिक बागेत एकट्यानं जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. डोंगरावर एकटं जावं, समुद्रावर जावं, देवळातही गर्दी नसताना एकटं बसावं. गुलाबबाग मात्र दहा-बारा माणसांनी मिळून, रमतगमत पाहावी. एका माणसाच्या नजरेला गुलाब पुरता दिसत नाही. कुणी रंगावर थबकतो, कुणी आधी नाक खुपसतो, कुणी पाटीवरचं नाव वाचल्याशिवाय फुलाकडे वळतच नाही. आणि ज्यानं जन्मभर गुलाब लावले आहेत तो फुलाकडे सगळ्यात शेवटी बघतो. तो आधी वाकून बुंधा बघतो. कलमाची गाठ मातीच्या वर आहे की गाडली गेली आहे, खालून खुंटाचे फुटवे आलेत का, गेल्या छाटणीचा काप तिरका घेतलाय की आडवा, हे सगळं झाल्यावर मग कंबर सरळ करून म्हणतो, "हं, फूल छान आहे."

चंदीगडच्या झाकिर हुसेन गुलाबबागेत अशी सगळ्या तऱ्हेची माणसं माझ्याबरोबर होती. पुण्यात गच्चीवर, गॅलरीत, सोसायटीच्या कोपऱ्यात कुंड्या सांभाळणारे आम्ही लोक. वयानं बहुतेक साठीच्या पुढचे. फेब्रुवारीतली सकाळ, उत्तरेकडचं ते कोवळं, पांढुरकं ऊन आणि गवतावर अजून दव. सेक्टर १६ मधली ही बाग १९६७ साली उभी राहिली आणि त्याच वर्षी राष्ट्रपती झालेल्या झाकिर हुसेन यांचं नाव तिला मिळालं. ते स्वतः गुलाबांचे मोठे शौकीन होते, त्यामुळे हे नाव नुसतं मानाचं नाही. विस्तार सुमारे ३० एकरांचा. हिरवळीत मोठमोठी आळी आणि एकेका आळ्यात एकाच जातीची झाडं. पुण्याच्या गच्चीवर एकेक कुंडी बघायची सवय असलेल्या डोळ्यांना एका जातीची इतकी झाडं एकत्र बघताना आधी काही सुचतच नाही.

बाग घडवली ती महिंदरसिंग रंधावा यांनी. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, शैवालांचे अभ्यासक, मग आय.सी.एस. अधिकारी. फाळणीनंतर पंजाबात आलेल्या निर्वासितांच्या पुनर्वसनाचं अवाढव्य काम त्यांच्याकडे होतं. पुढे ते चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त झाले. घरंदारं सोडून आलेल्या लाखो माणसांना जमिनी वाटून देणाऱ्या माणसाला काही वर्षांनी एका नव्याकोऱ्या शहराला गुलाबबाग द्यावीशी वाटली, याचं मला मोठं अप्रूप आहे. ते बंगल्याच्या आवारातही गुलाब लावू शकले असते. त्यांनी शहराच्या मधोमध लावले, जिथे रिक्षावालाही दुपारची भाकरी खाऊन हिरवळीवर आडवा होऊ शकतो.

आमचा वेग काय विचारता! पहिल्या तीन आळ्यांशीच तास गेला असेल. गटातल्या एका काकूंची नजर आता फारच मंदावली आहे. लाल आणि गुलाबी यांतला फरक त्यांना कळत नाही. पण त्यांच्यामुळेच आमची चाल लागली. त्या प्रत्येक आळ्यापाशी थांबत आणि कुणाला तरी म्हणत, "सांग गं, काय दिसतंय?" मग सांगणाऱ्याला नीट बघावं लागे. नुसतं 'पिवळं आहे' म्हणून भागत नसे. पिवळं म्हणजे हळदीसारखं की सायीसारखं, कडेला दुसरी छटा आहे का, पाकळी बाहेर वळलीय की आत, फूल एका दांड्यावर एकटं आहे की घोसात. सांगून झालं की त्या वाकून वास घेत आणि निकाल देत. बऱ्याच आळ्यांवर निकाल एकच येई: "याला काही नाही हो." मग एका काळपट-लाल फुलाशी त्या थांबल्या, दोनदा वास घेतला आणि म्हणाल्या, "हा पापा मेयाँ." पाटी वाचली तर 'पापा मेयाँ'च. १९६३ साली फ्रान्समधून आलेली ही जात. रंग मखमली, जवळजवळ काळा. आणि वास असा की विसरता येत नाही. तिच्यावर भुरी पटकन पडते, दांडा बेताचा. म्हणून बाजारानं तिला कधीच जवळ केलं नाही. फुलदाणीत आठ-दहा दिवस टिकणारी पाकळी आणि हातभर सरळ दांडा यांच्या मागे लागताना गुलाबाचा वास मागे पडत गेला. मावळातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत 'ताजमहाल', 'टॉप सीक्रेट' अशी लाल फुलं गड्ड्या बांधून परदेशी जातात. त्या शेतकऱ्यांच्या कष्टांबद्दल आणि हिशेबीपणाबद्दल मला आदरच आहे. पण ती फुलं नाकाशी धरली की मला वाईट वाटतं, हेही खरं.

माझा पहिला गुलाब वाईचा. कृष्णेकाठच्या आमच्या घराच्या परसात आजीनं लावलेला गावठी. त्याला कुणी जातीचं नाव विचारलं नाही आणि त्यालाही त्याची गरज नव्हती. फिकट गुलाबी, विस्कटलेलं, संध्याकाळपर्यंत गळून जाणारं फूल. आजी पहाटे फुलं काढी, त्यातली चार देवाला आणि उरलेल्यांच्या पाकळ्या मोकळ्या करून काचेच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर असं भरत जाई. बरणी उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची. काही आठवड्यांत साखर विरघळून पाकळ्या काळसर होत आणि बरणीचं झाकण उघडलं की सगळ्या सोप्यात वास भरे. आजीच्या लेखी गुलाब ही उन्हाळ्यात पोट शांत ठेवणारी वस्तू होती. शोभेसाठी गुलाब ही कल्पना आमच्या घरात अण्णांनी आणली.

अण्णा माध्यमिक शाळेत शिक्षक. पुण्याला पेपर तपासायला गेले की परतीच्या एस.टी.त त्यांच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एखादं कलम असे. 'ग्लॅडिएटर', 'क्वीन एलिझाबेथ', 'सुपरस्टार' ही नावं मी शाळेत इंग्रजी शिकायच्या आधी शिकले. आणि एका वर्षी 'पीस' आला. मोठं थोरलं फूल, मधोमध पिवळं, कडांना गुलाबी झाक. हिवाळ्यात ती झाक गडद होई आणि मार्चच्या उन्हात फूल पार फिकं पडून पांढऱ्याकडे झुके. त्याचे काटे थोडे, पानं जाड आणि तकतकीत. अण्णांचा जीव त्या झाडावर होता. पेठेतले लोक संध्याकाळी फिरायला निघाले की फाटकाशी थांबत आणि विचारत, "मास्तर, मिळेल का एक काडी?" अण्णा कधी नाही म्हणाले नाहीत. फूल मागितलं तर मात्र देत नसत.

डोळा भरायला मी त्यांच्याकडूनच शिकले. खुंटाच्या सालीवर इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर द्यायची. डोळकाडीवरचा फुगीर, पण न फुटलेला डोळा ढालीसारख्या सालीच्या तुकड्यासकट काढायचा, आतलं लाकूड अलगद सोडवायचं आणि तो चिरेत सरकवून केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचा. डोळा तेवढा उघडा ठेवायचा. हे सगळं साल सुकायच्या आत. "बोलू नकोस, वारा लागतो," असं अण्णा म्हणत. पंधरा दिवसांनी डोळा हिरवा राहिला असेल तर लागला. काळा पडला असेल तर गेला. लागलेला डोळा फुटायला लागला की वरचा खुंट कापून टाकायचा. त्या कापण्याची मला लहानपणी भीती वाटे.

लग्न होऊन मी रत्नागिरीला गेले तेव्हा अण्णांनी 'पीस'च्या दोन डोळकाड्या ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या पानात गुंडाळून दिल्या होत्या. तिथल्या खुंटावर त्या लागल्याही. हिवाळ्यात फूल आलं, सगळी आळी बघायला आली. पण कोकणचा पाऊस त्या झाडाला मानवला नाही. महिनोन् महिने ओली पानं, मग काळे ठिपके, पानगळ, वरून सुकत येणारे शेंडे. दुसऱ्या पावसाळ्यात ते गेलं.

ते झाड का गेलं याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा, वाचता वाचता मिळालं. युरोपातले जुने गुलाब बहुतेक करून वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीला चीनमधले बारमाही फुलणारे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तिकडे पोचले. वाटेत कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात त्यांचा मुक्काम असे, म्हणून फ्रान्समध्ये त्यांना कितीतरी काळ 'बंगालचे गुलाब' म्हणत. त्यांच्या संकरातून पुढे १८६७ मध्ये गियो यांचा 'ला फ्रान्स' आला, ज्याला पहिला हायब्रिड टी मानतात. गर्द पिवळा रंग तरीही नव्हताच. तो इराणकडच्या पिवळ्या गुलाबापासून पेर्ने-दुशे यांनी १९०० च्या सुमाराला 'सोलेई दोर'मध्ये आणला. आजचे पिवळे, केशरी, शेंदरी गुलाब बहुतांशी त्याच रक्ताचे. पण कोरड्या मुलखातल्या त्या पिवळ्या पूर्वजाला काळ्या ठिपक्यांचा रोग फार लवकर लागतो आणि रंगाबरोबर ही दुखरी बाजूही सगळ्या वंशात उतरली. 'पीस'च्या अंगातही ते पिवळं रक्त आहे. रत्नागिरीच्या श्रावणात त्या बिचाऱ्याचा निभाव कसा लागणार?

भारतातल्या उन्हापावसाला मानवेल असा गुलाब इथल्याच रानगुलाबांपासून करावा, या ध्यासानं एम. एस. विराराघवन यांनी आय.ए.एस.ची नोकरी लवकर सोडली आणि पत्नी गिरिजा यांच्यासह कोडाईकनालला जाऊन राहिले. बंगाल-बिहारकडच्या पाणथळ जागी वाढणारा 'रोझा क्लायनोफायला' आणि मणिपूरच्या डोंगरांतला 'रोझा जायगँटिया' हे त्यांच्या कामाचे दोन मुख्य आधार. पाण्यात पाय बुडवून उभा राहणारा रानगुलाब आपल्या देशात आहे, हे मला रत्नागिरीत असताना कुणी सांगितलं असतं तर!

चंदीगडच्या बागेत 'पीस'चं आळं आलं तेव्हा ऊन चढलं होतं. मी पाटी वाचली नाही. पानांची तकाकी दुरूनच ओळखीची वाटली. काकूंनी विचारलं, "काय दिसतंय?" आणि मी सांगायला लागले ते फुलाचं सोडून भलतंच. फ्रान्समध्ये ल्योंजवळ फ्रान्सिस मेयाँ नावाच्या तरुण बागाइतदारानं १९३५ मध्ये एक संकर केला आणि त्यातल्या एका रोपाला वहीत ३-३५-४० असा आकडा दिला. युद्धाच्या तोंडावर त्याच्या डोळकाड्या जर्मनी, इटली आणि अमेरिकेकडे रवाना झाल्या. मग सीमा बंद झाल्या, पत्रं थांबली. फ्रान्समध्ये त्या गुलाबाला मेयाँच्या आईचं नाव मिळालं, जर्मनीत तो 'ग्लोरिया देई' झाला, इटलीत 'जोया'. एकमेकांशी लढणाऱ्या देशांच्या मातीत तेच झाड वाढत होतं. २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला त्याचं 'पीस' असं नामकरण झालं. त्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेची परिषद भरली होती, तिथल्या शिष्टमंडळांच्या प्रमुखांना याच गुलाबाचं एकेक फूल भेट दिलं गेलं.

"तेच झाड म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं. गटात निवृत्त इंजिनिअर आहेत, त्यांना अशी वाक्यं सोडवत नाहीत.

तेच म्हणजे अगदी तेच. बी पेरून आलं असतं तर ते त्याचं मूल ठरलं असतं, वेगळं निघालं असतं. नावाचा गुलाब बियांनी वाढवत नाहीत, डोळ्यानं वाढवतात. मेयाँच्या वाफ्यात १९३० च्या दशकात उगवलेलं जे एक रोप, त्याचाच डोळा काढून दुसऱ्या खुंटावर, त्याचा डोळा तिसऱ्यावर, असं होत होत ते पुण्याच्या नर्सरीत आलं, अण्णांच्या मांडीवर बसून वाईला आलं, केळीच्या पानातून रत्नागिरीला गेलं. इथे माझ्यासमोर आळं भरून उभं होतं ते तेच. मुळं परक्या खुंटाची, कलमाच्या गाठीच्या वरचं अंग त्याचं. जगात आज 'पीस' जितका आहे तो सगळा मिळून एक गुलाब आहे. कधी कधी एखादी फांदी आपल्या मनानं थोडी बदलते. शिकागोतल्या एका झाडाची एक फांदी जास्त गुलाबी फुलायला लागली, तिचे डोळे भरून १९६२ मध्ये 'शिकागो पीस' आला. पण बाकी सगळीकडे तेच एक अंग.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. आळ्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगताना ते पहिल्यांदा अंगावर आलं. वाईचं घर अण्णांच्या मागे विकलं गेलं, परसाच्या जागी पार्किंग आलं, ते झाड राहिलं नाही. मी इतकी वर्षं त्या झाडाला 'गेलेलं' म्हणत होते. पण अण्णांकडून काडी नेलेल्या शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात ते होतंच. तिथून मी आणलेला डोळा माझ्या पुण्याच्या गच्चीवर आहे. म्हणजे अण्णा ज्याच्याशी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बोलत, त्याच झाडाशी मी बोलते. ही मनाची समजूत घालायची गोष्ट नाही. बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात असते अशी साधी वस्तुस्थिती आहे.

माझा आवाज जरा कापला असावा. काकूंनी काही न बोलता हात पुढे केला, पान चाचपलं, बुंध्यापर्यंत हात नेला आणि गाठ शोधली. तेवढ्यात तिथला माळी धावत आला, "बीबीजी, काँटा लगेगा!" मग तो आमच्यातच रमला. आम्ही डोळा कुठल्या खुंटावर भरतो, हे त्यानं बोटांनी खुणा करून विचारलं. त्यांच्याकडे 'एडवर्ड' फार चालतो, म्हणाला. तो मूळचा हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा, चिनी आणि दमास्क गुलाबांचा संकर. आमच्याकडे आता नाताल ब्रायर, असं इंजिनिअर काकांनी सांगितलं. भाषा अर्धीमुर्धी कळत होती, पण खिशातून चाकू निघाल्यावर दोघांनाही भाषेची गरज उरली नाही. त्या माळ्याच्या अंगठ्यावर चाकूच्या पात्यानं पडलेले बारीक, समांतर वण होते. अण्णांच्या अंगठ्यावर तसेच होते.

अशा अंगठ्यांवरच सगळं चाललंय. संकरित गुलाबाची जात सांभाळणारं रान कुठेही नाही. डोळा भरणं थांबलं की काही वर्षांत ती जात पृथ्वीवरून जाते. बेंजामिन पिअरी पाल यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. तांबेऱ्याला दाद न देणारा 'एन.पी. ८०९' गहू देणारे, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. या माणसानं गव्हाच्या संशोधनाबरोबर भारतीय गुलाबांच्या कितीतरी जाती निर्माण केल्या. गुलाबी 'दिल्ली प्रिन्सेस', पांढरा 'डॉ. होमी भाभा', 'बंजारन', 'रोझ शरबत'. आमच्या देशाच्या उन्हात, आमच्या माणसानं केलेले गुलाब. पुण्याच्या नर्सऱ्यांत मी यांची नावं घेऊन विचारते तेव्हा पोरगा म्हणतो, "आई, लाल देऊ की पिवळा?"

म्हणून मला पाट्यांबद्दल फार कळकळीनं बोलावंसं वाटतं. चंदीगडच्या बागेत आळ्याआळ्याला नाव आहे. काही पाट्या पुसट आहेत, काही वाकल्यात, पण आहेत. म्हणून काकूंचा निकाल पडताळता आला आणि मला अण्णांचं झाड भेटलं. आपल्याकडे कितीतरी शहरांत नगरपालिकेच्या बागांत गुलाब आहेत, छाटणी होते, पाणी मिळतं, आणि नाव कशालाच नाही. नाव नसलेल्या झाडाची काडी कुणी मागत नाही. पाटीवर जातीचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि साल एवढं असलं तरी लहान पोराला कळेल की हे कुणीतरी, कधीतरी केलेलं आहे. खर्च फार नाही. माळ्यांना मात्र जाती ओळखायला शिकवावं लागेल, आणि ते शिकवणारे लोक अजून आहेत तोवरच.

परतीच्या गाडीत आमच्या गटातल्या पाच-सहा जणांनी माझ्याकडे 'पीस'ची काडी मागितली. त्यांना मी सांगितलं ते इथेही लिहिते. ऑक्टोबरात पाऊस पूर्ण थांबल्यावर छाटणी करीन. डोळकाड्या डिसेंबर-जानेवारीत, फूल गळून गेलेल्या दांड्यावरच्या, कारण तिथले डोळे भरलेले असतात. खुंट आपापला आधी तयार ठेवायचा, पेन्सिलीइतका जाड, आणि डोळा भरायच्या आदल्या दिवशी त्याला भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे साल सुटते. केळीचं सोपट शहरात मिळत नसेल तर प्लॅस्टिकची पट्टी चालते. काकूंनी त्यांचा खुंट तिथेच जाहीर केला: त्यांच्या गॅलरीतला गावठी.